पोथीतल्या नवऱ्याचा अर्थ

त्या श्रावणात आमच्या घरात कुठलीच गोष्ट नुसती ती गोष्ट राहिली नव्हती. छप्पर गळत होतं, तर ते छप्पर नव्हतं, मन होतं. भाकरी करपली, तर ती भाकरी नव्हती, प्रारब्ध होतं. मांजराने दुधात तोंड घातलं, तेव्हा माझे वडील त्याला हाकलायचं सोडून पाटावर बसून त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले आणि मला म्हणाले, "बघ सुमन, वासना कशी पावलं न वाजवता येते." आईने वासनेला लाटणं फेकून मारलं. वासना खिडकीतून पळाली, लाटणं शेजारच्यांच्या अंगणात गेलं, आणि ते आणायला मला चिखलातून जावं लागलं. चिखल म्हणजे काय, हे मी अण्णांना विचारलं नाही. विचारलं असतं तर जेवण आणखी लांबलं असतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि सगळं गाव गुरुजी म्हणायचं, कारण ते पोलादपूरला शाळेत शिकवायचे. आमची वाडी पोलादपूरपासून वर, चालत जायच्या वाटेवर. त्या आषाढात त्यांच्या शाळेतल्या कुणीतरी त्यांना शिवथरच्या घळीत प्रवचनाला नेलं. पावसाळ्यात तिथे धबधबा असा कोसळत असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकायचं तर त्याच्या ओठांकडे बघावं लागतं. प्रवचनाचा बराचसा भाग पाण्याबरोबर वाहून गेला असणार. पण एक वाक्य अण्णांच्या कानात शिरलं ते कायमचंच: पोथीत घडतं ते बाहेर घडत नसतं, आपल्या आत घडत असतं, आणि ते आत घडवून घेण्यासाठीच पोथी वाचायची असते. अण्णा घरी आले ते नखशिखांत भिजून, मिटलेली छत्री काखेत धरून. ती उघडायची असते हे ते विसरले होते. आईने त्यांचं डोकं पुसता पुसता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "यांना काहीतरी झालंय."

आता श्रावण म्हटला की आमच्या वाडीत कडजाईची पोथी. कडजाई ही आमची देवी, कड्याखालच्या देवळात बसलेली. देवळावर पत्रा होता आणि पत्र्यावर पाऊस, त्यामुळे पोथी वाचायची म्हणजे ओरडायची. हल्ली तिथे स्लॅब पडलाय, आत अगदी शांत असतं, आणि म्हणून मंडळाने लाउडस्पीकर आणलाय. असो. रोज दुपारी कामं आटोपून लोक जमायचे. एकाने ओवी वाचायची आणि दुसऱ्याने तिचा अर्थ सांगायचा, अशी पद्धत. वाचायची मी, कारण माझा आवाज पावसाच्या वर जायचा. अर्थ सांगायचे अण्णा. या कामाचे दोन नियम होते आणि ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. एक, अर्थ सांगितल्याशिवाय वाचणाऱ्याने पान उलटायचं नाही. आणि दोन, पहिल्या दिवशी जो अर्थ लावला तोच शेवटच्या दिवसापर्यंत चालवायचा. अर्थ मधेच फिरवला तर देवी भातावर करपा पाडते, अशी समजूत होती. करप्याची औषधं पुढे तालुक्याला मिळायला लागली, पण समजूत तशीच राहिली.

पोथीतली गोष्ट साधी होती. नऊ दारांच्या वाड्यातली एक राजकन्या. तीन मुंडक्यांचा एक असुर तिला पळवून गुहेत कोंडतो. कडजाई त्याला मारते. शेवटी पूर्वेकडून घोड्यावर बसून एक वर येतो आणि तिच्याशी लग्न लावतो. गेली कित्येक वर्षं अण्णा हिचा अर्थ म्हणजे ओवीतलेच शब्द जरा सोपे करून सांगायचे आणि सगळे सुखात होते. त्या वर्षी पहिल्याच दिवशी ते उभे राहिले, घसा खाकरला आणि सांगून टाकलं, की नऊ दारांचा वाडा म्हणजे आपलं शरीर, राजकन्या म्हणजे जीव, असुराची तीन मुंडकी म्हणजे लोभ, राग आणि मत्सर, आणि शेवटी येणारा वर म्हणजे ज्ञान. जिवाचं ज्ञानाशी लग्न लागतं तेव्हा माणूस आतून बदलतो.

मग धाकू आजोबांनी हात वर केला. धाकू आजोबा वाडीतले सगळ्यात जुने श्रोते. ते येत ते असुर मरतो त्या अध्यायासाठी. बाकीचा महिनाभर ते त्याची वाट बघत डुलक्या घ्यायचे.

"गुरुजी, म्हंजे असुर मरत नाय?"

"मरतो की. पण आपल्या आत मरतो."

"आत?" आजोबांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "मंग आमाला दिसनार कसा?"

अण्णांना वाटलं होतं, लोक आता आपापल्या आत बघायला लागतील. लोक बघायला लागले, पण शेजाऱ्याच्या आत. आठवडाभरात सगळ्या वाडीत मुंडक्यांची वाटणी झाली. नळावर बायका बोलायला लागल्या, "तिचं तिसरं मुंडकं आलंय हो वर, माझी नवी साडी बघितल्यापासून." गुरं हाकणारे एकमेकांना "काय रे दुसऱ्या मुंडक्या" अशी हाक मारायला लागले. आमच्या शेजारची पार्वतीकाकू आपल्या जावेशी रोज भांडायची. तिने मात्र मनावर घेतलं आणि तोंड मिटून राग गिळायला सुरुवात केली. तिच्या घरातून आवाज येईना, तेव्हा काकू आजारी आहे की काय म्हणून दोघीतिघी बघून आल्या. अण्णा हे सगळं ऐकून खूश. "बदल व्हायला लागलाय," असं ते आईला म्हणायचे. आई टाकळ्याची भाजी निवडता निवडता म्हणायची, "होऊ दे. तेवढं ते मनाचं छप्परही बदला, माझी चूल भिजते."

हे सगळं गमतीत चाललं होतं. पण मग भागीरथीबाई आल्या. त्या कशेडी घाटाच्या पायथ्याच्या. ट्रक चढाला लागले की गिअर बदलल्याचा आवाज त्यांच्या स्वयंपाकघरात येतो, अशी त्यांच्या घराची ओळख होती. आता बोगदा झाल्यापासून तो आवाजही कमी झालाय म्हणतात. कुण्या नातेवाइकाकडे आल्या होत्या, त्या दुपारी देवळात बसल्या. मी वाचत होते. माझा आवाज त्यांना आवडला की माझं नाक, ते देवीला ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी निरोप आला, त्यांचा दिनकर मुंबईला नोकरीला आहे, मुलगी पसंत आहे.

मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते. महाडच्या कॉलेजात जायचं असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं आणि अण्णा "बघू" म्हणाले होते, आणि आमच्या घरात "बघू" म्हणजे हो असायचं. पण वाडीतली माणसं अण्णांना भेटायला लागली. पोरगी फार शिकली की स्थळं येत नाय, गुरुजी. आलेल्या स्थळाला नाय बोलायचं नसतं, गुरुजी. रोज चहा पिऊन एकेक जण हे सांगून जायचा, आणि अण्णांचं "बघू" रोज थोडं थोडं वितळत गेलं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, लग्नाच्या अध्यायाला तू पाटावर बसायचंस.

याचा अर्थ आमच्याकडे कुणालाही समजावून सांगावा लागत नसे. पोथीतल्या लग्नाच्या अध्यायाला वाडीतली एक लग्नाची मुलगी पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून पाटावर बसायची. शेजारच्या पाटावर कलशावर नारळ, तो पोथीतला वर. मंगलाष्टकं व्हायची, अक्षता पडायच्या. आणि कुण्या मुलाच्या आईने येऊन पहिली अक्षता टाकली, की त्या मुलीचं त्या मुलाशी पक्कं. त्यानंतर मोडायची सोय नव्हती, कारण ते देवीसमोर झालेलं असायचं. भागीरथीबाई पहिली अक्षता टाकायला येणार होत्या. म्हणजे माझं महाड त्या मूठभर तांदळाखाली जाणार होतं.

मी रडले. मग आईच्या शेजारी बसून खोबरं खवायला लागले, कारण रडतानाही आमच्याकडे हात रिकामा ठेवत नसत. आई पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती. मग अगदी सहज, जणू मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तशी म्हणाली, "लग्नाच्या अध्यायाला पोथी कोण वाचणार आहे गं?"

"मीच. दुसरं कुणाला ओरडता येतंय?"

"मग रडतेस कशाला?" आई म्हणाली, आणि पुढचं पान पुसायला घेतलं.

अध्यायाच्या दिवशी देवळात मुंगीला जागा नव्हती. लग्नाचा अध्याय म्हणजे जेवण: काळ्या वाटाण्यांची उसळ, वडे, खीर. त्याचा वास देवीच्या उदबत्तीला मागे टाकत होता. भागीरथीबाई पुढेच, मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन बसल्या होत्या. मी पाटावर, शेजारी फेटा बांधलेला नारळ, समोर पोथी. नवरीनेच पोथी वाचायची असा प्रसंग वाडीत पहिल्यांदाच आला होता. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या, मी मान वाकडी करून अक्षरं शोधत होते, आणि धाकू आजोबा मागून सांगत होते, "पोरी, नवऱ्याकडं बघू नको, पोथीत बघ." आई अक्षतांचं ताट घेऊन उभी होती. अण्णा भराभर अर्थ सांगत होते. इतक्या भराभर की जिवाचं दु:ख, गुहेतला अंधार आणि देवीची कृपा हे सगळं त्यांनी वडे निवायच्या आत उरकलं.

मग ती ओवी आली. मी पावसाच्या वर आवाज चढवून वाचली:

"पूर्वेकडोनी आला वर । शुभ्र अश्वावरी स्वार ॥"

आणि थांबले.

"वाच पुढे," अण्णा म्हणाले.

"अर्थ, अण्णा."

"आज अर्थ राहू दे. मुहूर्त टळतोय."

"अर्थ सांगितल्याशिवाय पान उलटत नाहीत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मुंडावळ्यांच्या मागे होते, मला फार बरं पडलं. त्यांनी आईकडे बघितलं. आई ताट छातीशी धरून देवीकडे बघत होती, इतक्या भक्तीने की मी तिला तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"वर म्हणजे..." अण्णांनी घसा खाकरला. "वर म्हणजे वरच. नवरा मुलगा."

देवळात जे झालं ते मी आजही कथाकथनाच्या कार्यक्रमांत साभिनय करून दाखवते आणि तरी ते तसं जमत नाही. धाकू आजोबा डुलकीतून नव्हे, थेट तरुणपणातून उठल्यासारखे उभे राहिले. "गुरुजी! पैल्या दिवशी तुमी ज्ञान बोल्लात! माझं भात नदीकाठी हाय, करपा माझ्याकडं पैला येतो!" मागून पार्वतीकाकू उठली. "म्हंजे वर नुसता वर? मग असुर पन नुसता असुरच? इतके दिस मी राग गिळला तो फुकटच? थांब गो जाऊबाई, आत्ताच बोलून घेते!" जाऊबाईही पदर खोचून उठली. तिनेही बरंच काही साठवून ठेवलेलं दिसलं. कुणी म्हणालं, अर्थ फिरवू नका. कुणी म्हणालं, वडे गार होतायत. अण्णा दोन्ही हात वर करून उभे, जसे वर्गात गोंगाट झाला की उभे राहायचे. पण हा वर्ग छडीला भिणारा नव्हता.

"ज्ञान," ते म्हणाले.

"ऐकू नाय आलं!"

"वर म्हणजे ज्ञान!" अण्णा पत्र्याच्या वर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याइतकं मोठ्याने ओरडले असतील.

पार्वतीकाकू खाली बसली. जाऊबाई नाइलाजाने बसली. मी पान उलटलं. आई ताट घेऊन भागीरथीबाईंपुढे वाकली, त्यांनी मूठ भरली, आणि मला वाटलं, झालं, अर्थ मिळाला पण महाड गेलं. तोच त्यांनी मूठ तशीच धरून विचारलं:

"गुरुजी, यक इचारू? त्या नारळाच्या जागी माझा दिनकर हाय ना?"

"हो."

"आनि तो नारळ ज्ञान हाय."

"म्हणजे भागीरथीबाई, ते एका अर्थाने..."

"नाय, फिरवू नका आता." भागीरथीबाईंनी नारळाकडे बघितलं, त्याच्या फेट्याकडे बघितलं, आणि खरोखर विचारात पडल्या. "मी आई हाय त्याची. पोरगा गुणी हाय. दारू नाय, तंबाखू नाय. मला ताप आला तर रजा टाकून धावत येतो. पन ज्ञान?" त्यांनी सगळ्या देवळाकडे बघितलं, जणू कुणाला काही सुचलं तर सांगा. "मागल्या गनपतीत मखराची माळ लावायला गेला, तर अख्ख्या वाडीची लाईट घालवली त्यानं. वायरमन दोन दिवस यायचा नव्हता. आरती आमी बॅटरीवर केली."

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. भागीरथीबाई नाही हसल्या.

"देवीसमोर हा नारळ माझा दिनकर हाय असं बोलून अक्षदा टाकू? उद्या करपा पडला तर गाव माझ्या दारात येईल." त्यांनी मूठ आईच्या ताटात रिकामी केली. "त्याला बायको मिळंल हो. त्याच्यासारखीच बघू. हिचा नवरा वायला हाय, दुसराच." मग माझ्या मुंडावळ्यांतून आत बघून म्हणाल्या, "वाच गो पुढं. थांबलीस कशाला?"

त्या बाई खरंच करप्याला भ्याल्या, की पाटावर बसलेल्या मुलीचं तोंड त्यांना फुलांच्या आडून दिसलं होतं, हे मी पुढे कित्येकदा त्यांना विचारलं. "चल, खा काहीतरी," एवढंच त्या सांगायच्या. त्या दिवशी त्यांनी पेढेसुद्धा वाटले. आणलेत तर खा, म्हणाल्या. मंगलाष्टकं झाली, पहिली अक्षता कुणाचीच नाही म्हणून धाकू आजोबांनी देवीच्या नावाने टाकली, आणि कडजाईच्या साक्षीने माझं ज्ञानाशी लग्न लागलं.

घरी जाताना अण्णा पुढे, मी मधे, आणि मागे आई जावयाला कडेवर घेऊन. वाटेत पऱ्ह्यावर दगड टाकून केलेली वाट आहे, तिथे अण्णा थांबले. पाणी जोरात होतं. मला वाटलं, आता या पाण्याचाही अर्थ येणार. पण ते माझ्याकडे वळले. "सुमन, असुराला चौथं मुंडकं होतं. मी लोकांना तीनच सांगितली."

"कुठलं?"

"लोक काय म्हणतील, ते." ते पाण्याकडे बघत म्हणाले, "महिनाभर सगळ्यांची मुंडकी मोजली मी. हे माझ्याच मानेवर होतं, म्हणून दिसलं नाही."

"मला लग्नापासून दिसतंय," आई मागून म्हणाली. "सरका, नारळ जड आहे."

अण्णा हसले. त्यांचं हसणं पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही, फक्त खांदे हलताना दिसले. मग त्यांनी मला हात देऊन पलीकडे घेतलं, आईला घेतलं, आणि आईने विचारलं, "मग आता पोरीचं काय करायचं?"

"लग्न लागलंय. सासरी नको पाठवायला?"

"सासर कुठे?"

"महाडला. सकाळच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने यायचं."

जावयाला फार दिवस ठेवता आलं नाही. नारळ तो नारळ. आईने गूळ घालून त्याच्या पातोळ्या केल्या आणि आम्ही ज्ञान वाफवून, हळदीच्या पानासकट ताटात घेऊन खाल्लं. वाडीने मात्र ते लग्न फार गंभीरपणे घेतलं. मी कॉलेजला निघाले त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर बायका पाठवणीसारख्या डोळे पुसत उभ्या होत्या. पार्वतीकाकूने ओटी भरली. कंडक्टरने विचारलं, नवरी एकटीच कशी? धाकू आजोबा तर रोज संध्याकाळी पारावर बसून विचारायचे, "काय गो, जावई काय बोलतात?" मी सांगायची, परीक्षा घेतात. "मंग सासर खाष्टच हाय," ते म्हणायचे. निकाल लागला तेव्हा ते माझ्या आधी पेढे मागायला आले. त्यांच्या हिशोबी जावयाने नांदवलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी माझं लग्न झालं. माझं, म्हणजे माणसाशी. पलीकडच्या खेडचे, सज्जन, चष्मा लावणारे, कमी बोलणारे. मांडवात वाडीतले बरेच जण जरा नाराजच होते, एकदा उजवलेली मुलगी परत कशी उजवतात म्हणून. भागीरथीबाई दिनकरला, त्याच्या बायकोला आणि दोन नातवंडांना घेऊन आल्या होत्या. अक्षतांची मूठ भरून पुढे आल्या, माझ्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि अण्णांकडे वळून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "गुरुजी, याचा अर्थ काय?"

माझा नवरा चष्मा सावरून अण्णांकडे बघायला लागला. बिचाऱ्याला वाटलं, काही देण्याघेण्याचं राहिलंय.

अण्णांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"याला अर्थ नाही, भागीरथीबाई," ते म्हणाले. "हा नुसता नवरा आहे. टाका अक्षता."